देवीपाशी राहिलेली नळी

नवमीला दुपारी तीन वाजता आमच्या कॅम्पात चौदा माणसं, नऊ बंदुका आणि एक बाई होती. नऊपैकी चार बंदुका भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि देवाचं नाव घेऊन घोडा ओढायचा. कॅम्प वऱ्हाडात होता, निजामाच्या सरहद्दीपासून एक मैल अलीकडे, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. सरहद्दीपलीकडे जाफराबादचा मुलूख, तीन मैलांवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, मधे पूर्णा नदी आडवी.

नाका काय असतो ते शहरातल्या वाचकांना सांगतो. रस्त्यावर लोखंडी आडकाठी, शेजारी दगडी खोली, खोलीत रजिस्टर. आपल्या रानातला कापूस आपल्याच सोयऱ्याच्या गावी न्यायचा तरी तिथं गाडी थांबायची, शिपाई पोतं भोसकून बघायचा आणि वर शिवी द्यायचा. तो नाका जाळायचा होता. हवालदार गणपतरावांनी हुकूम दिला.

"उद्या दसरा. शिपाई सुस्त असतील. साडेचारला नाका. आधी रजिस्टरं, मग आडकाठी, मग परत. कुणाला मारायला चाललो न्हाई. समजलं?"

"जी."

"काय विचारायचं?"

हवालदार आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आले होते. डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारायचा तर उजवीकडून विचारावा लागे.

मी तीर्थपुरीचा. तेव्हा चोवीस वर्षांचा. महायुद्धात बर्माच्या सरहद्दीवर फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये नर्सिंग ऑर्डरली होतो, लान्स नाईक होऊन सुटलो. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हटलं की तुम्हाला मोटार दिसते. मोटार नव्हे, ती तुकडी असते. जखमी उचलायचा, रक्त थांबवायचं, श्वास चालू ठेवायचा आणि मागं पाठवायचा, एवढंच तिचं काम. आमच्या कॅप्टन डॉक्टरांनी मला गळा उघडायला शिकवलं. लंगरात बोकड कापला की गळा मला मिळायचा. कंठमण्याच्या खाली बोट फिरवायचं, कडं लागतं, त्याच्या खाली चाकू. साहेब घड्याळ घेऊन उभे. ते म्हणायचे, "गळा बंद झालेला माणूस चार मिनिटांचा पाहुणा. पाहुण्याला ताटकळत ठेवू नकोस."

डिस्चार्जच्या दिवशी साहेबांनी एक जुना सेट निकामी ठरवून माझ्या हातात दिला. कॅनव्हासच्या रोलमध्ये सात नग. चाकू. श्वासनळी उचलून धरायचा वाकडा हुक. दोन पाकळ्यांचा डायलेटर, कापलेलं तोंड उघडं धरायला. चांदीची बाहेरची नळी. तिच्यात बसणारी आतली नळी. नळी आत सरकवायला बोथट तोंडाचा पायलट, तोही चांदीचा. आणि मानेभोवती बांधायची फीत. साहेबांचा नियम एकच होता: रोल उघडताना मोठ्यानं मोजायचं, बांधताना मोठ्यानं मोजायचं. न मोजता बांधलेला रोल म्हणजे रिकामा रोल.

कॅम्पात मी रोज मोजायचो. माणसं हसायची.

"मोजून मोजून लोखंड वाढत न्हाई, डाक्टर," दगडूदादा म्हणायचा.

दगडूदादा लोहार. पूर्णेकाठच्या गावचा, पस्तिशीचा, मनगटं उखळाच्या मुसळासारखी. आमच्या बंदुका त्याच्या जिवावर चालायच्या. त्याची विधवा थोरली बहीण कोंडाबाई कॅम्पाचा स्वयंपाक बघायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. गोदामाच्या कोपऱ्यात तिनं देवीचा घट बसवला होता.

मी अक्काला आणि दगडूदादाला पत्रकं वाचून दाखवायचो. खिशात पत्रकं, तोंडात पत्रकं, असा माझा काळ होता. जनता जागी झाली पाहिजे, रूढीच्या बेड्या तुटल्या पाहिजेत. अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "बेड्या तोड बाबा, पण आधी लाकडं तोड."

तर नवमीला तीन वाजता हुकूम ऐकून मी आत गेलो. दगडूदादा माझा रोल उलगडून बसला होता. चिंचेनं हत्यारं घासत होता.

"हे काय करून राह्यला, दादा?"

"उद्याची तयारी. आज खंडेनवमी. बंदुका झाल्या, घण झाला, ऐरण झाली. तुझीच राह्यली व्हती."

"ती उकळायची असतात. पुजायची नसतात."

"उकळ की मंग. पण आज हत्यार देवापुढं, उद्याची पूजा होस्तोवर त्याला हात लावायचा न्हाई. माझ्या बापानं नवमीला कंदी भाता फुंकला न्हाई."

"म्हणूनच तुझा बाप निजामाच्या राज्यात जन्मला नि तिथंच मेला."

अक्कानं माझ्याकडं न बघता चिंच पुढं सरकवली.

"दगडू, हत्यारं झाली की ह्याची जीभ बी घास."

सगळे हसले. दगडूदादाही हसला. मी हसलो नाही. त्यानं चांदीची नळी उजेडात धरली.

"ही खरी चांदी हाय का रे?"

"आहे."

"मंग ही लोखंडात बसत न्हाई. चांदीचा मान देवीपाशी. तिथं ठेवू?"

"कुठं ठेवायची तिथं ठेव. मला काय विचारतो?"

हे माझे शब्द. मी ते बोललो आणि तरातरा बाहेर गेलो. रात्री जेवताना दगडूदादाच्या शेजारी बसलो नाही.

दसऱ्याला दुपारी एकला पूजा झाली. दोनला रांगेत फॉलइन. दगडूदादानं माझा रोल आणून दिला. वर लाल नाडा गुंडाळलेला, त्यात झेंडूचं फूल खोवलेलं.

"मोजून घे, डाक्टर. तू मोजतोस नं."

"तुमच्या देवीनं मोजलं असेल की."

फूल काढून टाकलं, रोल खांद्यावरच्या हॅवरसॅकमध्ये कोंबला. चार वर्षांत पहिल्यांदा न मोजता. सव्वादोनला निघालो.

वायरलेस आमच्याकडं नव्हता, शीळ होती. एक लांब म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे चला, तीन म्हणजे जखमी. पूर्णा कमरेइतकी होती. सव्वाचारला नाक्याजवळच्या ज्वारीत आडवे पडलो. साडेचारला हवालदार उठले. नाक्यावर तीन शिपाई होते. एक गोळी हवेत झाडली तेव्हा दोघं बंदुका टाकून पळाले. तिसरा कुठं गेला ते कुणी बघितलं नाही. तो बघायला हवा होता.

चार चाळीसला रजिस्टरं पेटली. दगडूदादा घण घेऊन आडकाठीच्या बिजागरीवर होता. चौथ्या घावाला बिजागरी सुटली. तो मागं वळून ओरडला, "डाक्टर, तुझी बेडी तुटली रे!"

तेव्हाच ज्वारीतून बार झाला. तिसरा शिपाई.

तीन शिळा. मी दगडूदादाकडं पळालो. वेळ चार पन्नास. छर्रा हनुवटीच्या खालून तोंडात शिरला होता. जबडा शाबूत, पण जिभेखाली रक्त भरत होतं. मी त्याला पालथा केला, कपाळ माझ्या हातावर घेतलं, म्हणजे रक्त आणि जीभ पुढं पडते, घशात जात नाही. श्वास चालू झाला. दहा मिनिटं तेवढ्यावर निभावलं. हवालदार आमच्या पुढं गुडघा टेकून ज्वारीकडं बार काढत होते.

"चालंल का?"

"श्वास आहे."

"मंग उचला."

उचलायला गेलो आणि श्वासाचा आवाज बदलला. आतून कुणी लाकूड करवतावं तसा. दर श्वासाला मानेचा खळगा आत ओढला जायला लागला. जीभ सुजून घसा बंद होत होता. ओठ काळे-निळे. दगडूदादानं माझं मनगट धरलं. त्या पकडीत मनगट मोडेल असं वाटलं. मग पकड सैल पडली. ते जास्त वाईट.

पाच वाजून चार मिनिटं. त्याला उताणा केला, मानेखाली त्याच्याच पटक्याची गुंडाळी दिली. नाडा दातांनी तोडला. स्पिरिटची बाटली रोलवर उपडी केली, हळद-कुंकू वाहून माझ्या बोटांवर आलं. कंठमणी, कडं, त्याच्या खाली चाकू. उभा छेद. हुक घालून श्वासनळी वर उचलली, दुसरा छेद. डायलेटर आत, पाकळ्या उघडल्या. रक्ताचा फवारा माझ्या तोंडावर आला आणि मागोमाग हवा. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

डावा हात रोलकडं नेला. फीत हाताला लागली. आणखी चाचपलं. कॅनव्हास.

मी मोठ्यानं मोजलं. चाकू एक, हुक दोन, डायलेटर तीन, फीत चार.

"काय झालं?" हवालदार.

"नळी नाही."

"म्हंजे?"

"नळी देवीपाशी आहे. कॅम्पात. चांदीची."

"तिच्याबिगर?"

"डायलेटर हातानं धरून ठेवतो. सोडला की भोक मिटतं."

हवालदारांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"करीम!"

करीमभाई पूर्वी डाकेचा हरकारा होता, बारा मैलांची डाक पायी नेणारा.

"बंदूक ठेव. कॅम्प. देवीपुढची चांदीची नळी, जेवढी चांदी असंल तेवढी समदी. जल्दी."

"जी, हवालदारसाब."

तो गेला. दोन काठ्यांत घोंगडी घालून डोली केली, चौघांनी उचलली. पाच वाजून दहा मिनिटं. मी बाजूनं वाकून चालत होतो. उजव्या हातात डायलेटर, कोपर दगडूदादाच्या छातीवर टेकवलेलं, म्हणजे डोली हलली तर हातही तिच्याबरोबर हलेल. हात बदलता येत नव्हता. कुणाला देता येत नव्हता, कारण ते शिकलेला दुसरा माणूस नव्हता. चौदा माणसांत एकालाही मी ते दाखवलं नव्हतं. पत्रकं मात्र सगळ्यांना पाठ होती.

रक्त भोकात उतरलं की घरघर व्हायची. मी तोंड लावून ओढायचो, थुंकायचो. रबरी नळी असायला हवी होती. ती कुणी घेऊन दिली नाही. कॅम्प सुरू करताना झालेल्या सभेत हार घालायला शेकड्यानं लोक आले होते, दोन वीत रबरी नळी द्यायला एक आला नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो, आजही बोलतो.

पावणेसहाला पूर्णा. पाणी कमरेला, डोली खांद्यावर. मला आता वर हात करून, पायाखालचं न बघता चालायचं होतं. मधोमध पुढचा डावा गडी घसरला. डोली कलंडली. डायलेटर निसटला.

"थांबा!"

"थांबता येत न्हाई, पानी वढून राह्यलंय!"

"थांबा म्हणतो ना!"

थांबले. भोक मिटलं होतं. रक्तात काही दिसत नव्हतं. करंगळी घातली, कडं लागलं, डायलेटर करंगळीच्या कडेनं सरकवला. पाकळ्या उघडल्या. काही नाही. मी त्याच्या छातीवर मूठ मारली. पुन्हा मारली. खोकला आला, रक्ताची गाठ उडून पाण्यात पडली, आणि छाती वर आली.

"चला."

"च्यायला," तो घसरलेला गडी म्हणाला आणि रडायला लागला. रडत रडत चालला, पण पुन्हा घसरला नाही.

नदीपलीकडं माझी बोटं मला कळेनाशी झाली. मी त्यांच्याकडं बघून ती मिटलेली आहेत की नाहीत याची खात्री करत होतो. हवालदार मागून, दर शंभर पावलांना एकच विचारायचे, "श्वास?" मी म्हणायचो, "आहे." एवढंच आमचं बोलणं.

सहा वीसला सरहद्दीच्या दगडापाशी पोचलो. दिवस मावळून तांबडं उरलं होतं. समोरून करीमभाई पळत येताना दिसला. मागं पन्नास पावलांवर अक्का, लुगड्याचा काष्टा खोचलेला, हातात कंदील.

गोदामात काय घडलं ते करीमभाईनं नंतर सांगितलं. तो दारात थांबला होता. घटाला आपला हात कसा लावायचा म्हणून. अक्कानं त्याला विचारलं, "दगडू कुठंय?" त्यानं सांगितलं. अक्का कंदील उतरवायला वळली. वळता वळताच ओरडली, "भावाचा जीव चाललाय नि तू उंबऱ्यावर कशाला हुभा ऱ्हातो? देवी काय म्हनत न्हाई, उचल!" करीमनं तिन्ही चांदीचे नग उचलले आणि टोपीत गुंडाळून आणले.

नळीवर कुंकू होतं. स्पिरिट संपत आलं होतं. तळाशी दोन थेंब राहिले होते, त्यात फडकं बुडवून पुसलं. पायलट बाहेरच्या नळीत घातला, डायलेटरच्या पाकळ्यांमधून नळी आत सरकवली, पायलट काढला, आतली नळी बसवली. फीत बांधली. अक्का कंदील धरून उभी होती. कंदील हलला नाही.

"सुटलास आता?" तिनं मला विचारलं.

मी डायलेटर टाकायला गेलो. बोटं उघडेनात. अक्कानं एकेक करून उघडली.

बैलगाडीनं दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडातल्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले नळी बरोबर बसलीय, आता छाती कशी राहते ते बघू. मी तिथंच राहिलो. दर दोन तासांनी आतली नळी काढायची, उकळत्या पाण्यातून धुवायची, पुन्हा घालायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दगडूदादानं खूण केली. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की हवा वर जाते आणि आवाज फुटतो. मी बोट ठेवलं. आवाज जड, जीभ अजून सुजलेली.

"किती नग?"

"सात."

"येकायेकाचं काम सांग."

मी रोल खाटेवर उलगडला. चाकू, म्हणालो, हा असा, दोनदा. हुक कशाला ते सांगितलं. डायलेटर त्याच्या हातात दिला. त्यानं पाकळ्या दाबून सोडल्या, पुन्हा दाबल्या. लोहार तो. खूण केली, मी बोट ठेवलं.

"कमान चांगली हाय. मला करता यील."

मग मी नळीचं सांगितलं. बाहेरची, आतली, पायलट. ती चांदीची का, ती कशासाठी, ती नसली तर काय होतं. त्यानं खूण केली, मी बोट ठेवलं. नंतर त्यानं स्वतःचं बोट उचलून माझ्या बोटावर ठेवलं.

"मला सांगाया पायजे व्हतं, डाक्टर."

रागानं म्हणाला नाही. एखाद्या कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणाला.

चौथ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी पहाटे छाती भरली आणि तो गेला. रक्त उतरलं म्हणून, की नदीत घसरलो म्हणून, की कुंकू नीट निघालं नाही म्हणून, मला ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. तो मला म्हणायचा, एवढंच.

आता मुलूख मोकळा झाला. परवा हुतात्म्यांची यादी करणारे एक गृहस्थ आले होते. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "चकमकीत गेले का?"

"चकमकीत लागलं. पाचव्या दिवशी गेला."

"दवाखान्यात?"

"दवाखान्यात."

"मग आजारानं म्हणावं लागेल."

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला आणि घड्याळ बघितलं. म्हणून लिहून काढलं. यादी तुमची, टाक तुमचा. आडकाठी तोडली ती त्यानं. निजामाच्या शिपायाचा छर्रा घशात घेऊन माणूस पाच दिवस झगडला, आणि तुम्ही त्याला आजारी म्हणता?

दोष द्यायचाच असेल तर तो देवीला देऊ नका, आजाराला देऊ नका. मी सहा महिने त्या माणसाला क्रांती शिकवत होतो. सात नग शिकवायला अर्धा तास लागला असता.

यंदा खंडेनवमीला अक्कानं माझा रोल मागितला. मी दिला. तिनं चिंचेनं घासलं, हळद-कुंकू वाहिलं, चांदी देवीपाशी ठेवली. दसऱ्याला पूजा झाल्यावर मी सगळं उकळलं आणि तिच्यापुढं बसून मोजलं. तिनं नग उचलून एकेकाचं काम सांगितलं, एकही चुकली नाही. करीमभाईलाही येतं. हवालदारांना उजव्या कानात ओरडून शिकवलं.

नाव लिहून घ्या. दगडू सटवाजी लोहार. पूर्णेकाठचा. धंदा: लोखंड.